‘टोप’ म्हणायचं नाही

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून फाडायला घेतलं असशील, तर थांब. निदान अर्धं वाच आणि मग फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून ही कागदाची उठाठेव. भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे तुझ्याशी नाही. आज माझं भांडण सरकारशी आहे!

ऐकलंस का? एक मार्चपासून हेल्मेट सक्तीचं. चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. पेपरात वाचलं आणि माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! अगं, डोकं माझं, त्यावरचा अंबाडा माझा, पडले तर टेंगूळ माझं. यात सरकारच्या बापाचं काय जातं? माझ्या कारखान्याच्या खालीच सलून आहे, त्या सलूनवाल्याने तर काचेवर पाटी लावली आहे, ‘डोकं आमचं, मर्जी आमची’. त्याचंही बरोबर आहे. एवढा कोरून पाडलेला भांग हेल्मेटखाली चेपून न्यायचा असेल तर माणूस त्याच्याकडे जाईल कशाला?

पण माझ्या संतापाचं खरं कारण तुझी लेक आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. ठरलेलं लग्न मोडल्यावर भिंगरी माझ्याकडे आली, ती आता एका लॅबमध्ये नोकरी करते. रोज सकाळी स्कूटर काढते, आणि ज्यांना लॅबपर्यंत येववत नाही त्यांच्या घरी जाऊन रक्त घेते. नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या की पुढचं दार. हात इतका हलका आहे की लोक लॅबला फोन करून सांगतात, ‘तीच मुलगी पाठवा.’ बघ, अभिमान वाटला ना? वाटू दे थोडा, कुणी बघत नाहीये.

आता कल्पना कर. प्रत्येक दारात हेल्मेट काढायचं. आणि हेल्मेट ओढलं की त्याच्याबरोबर काय निघून येणार? आता मला तो शब्द लिहावाच लागणार, ज्याला तुझ्या घरात बंदी आहे. टोप! टोप, टोप, टोप! लिहिला बाई एकदाचा.

कॉलेजात असताना पोरीला चाई पडली, डोक्यावर एक केस म्हणून उरला नाही, त्या दिवसापासून तुझ्या घरात कुणी टोप म्हणायचं नाही. भात शिजवायचा टोपसुद्धा एका दिवसात पातेलं झाला. मी टोप करून पोट भरणारी बाई, नाटकातल्या राजापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर केस लावणारी, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी मला ‘ते तुझं काम’ म्हणावं लागायचं. भिंगरीचा टोपही मीच केला, एकेक केस जाळीत ओवून, आणि तुझ्या घरी त्याचं नाव होतं ‘ते’. “ते घातलंस का?” “ते नीट बसलंय का?”

मग तिने त्या मुलाला लग्नाआधी खरं सांगितलं, तिकडून नकार आला आणि तू पोरीला म्हणालीस, “झाकता येत नसेल तर तोंडही दाखवू नकोस.” रागात म्हणालीस, मला माहीत आहे. पण ती खरंच दाखवत नाहीये ना, ताई. तुझ्यावरच गेली आहे, हट्टी.

असो. लॅबवाल्या काकांनी बजावलंय, हेल्मेट नाही तर नोकरी नाही. माझी भाची दारोदार केस हातात घेऊन उभी राहणार नाही. मी काहीतरी शोधून काढणार आणि तेही पहिल्या तारखेच्या आत. तू फक्त तिला एक फोन कर. एवढंच मागणं आहे.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

ताई,

जमलं! जमलं, जमलं! आधी ही बातमी, मग बाकीचं.

सहा दिवस कारखान्यात नुसता धुमाकूळ आहे. खिडकीशी ओळीने मांडलेली माझी लाकडी डोकी तुला आठवत असतील. त्यांना टोप चढवायचे, वर हेल्मेट घालायचं आणि ओढायचं. पहिल्यांदा चिकटपट्टी लावून पाहिली. टोप हलला नाही, पण भिंगरीच्या डोक्यावर लावली तेव्हा काढताना ती अशी किंचाळली की सलूनवाल्याच्या हातून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. मग मला वाटलं, टोप हेल्मेटच्या आतच शिवून टाकावा! हेल्मेट घातलं की मागून लांबसडक केस. मी खुशीत शिवून दाखवला. भिंगरी म्हणाली, “मावशी, छान आहे. फक्त उलटं झालंय. रस्त्यावर केस आणि लोकांच्या घरात टक्कल.”

काल तर कहरच झाला. मी जोर लावून हेल्मेट ओढलं, ते हातात आलं आणि टोप घातलेलं लाकडी डोकं खिडकीतून थेट खाली. सलूनच्या दारात एक गृहस्थ दाढी करून नुकते बाहेर पडत होते. त्यांच्या पायाशी मुंडकं! केसांसकट! ते परत आत गेले आणि खुर्चीत जाऊन बसले. सलूनवाला म्हणतो, “ताई, तुमचा हेल्मेटला विरोध आहे ते ठीक, पण माझी गिऱ्हाइकं का मारताय?”

पण त्याच वेळी डोक्यात वीज चमकली. ते डोकं हेल्मेटमधून सुळकन सुटलं का, तर त्या हेल्मेटला मी आतून रेशमी अस्तर लावून पाहत होते! रेशमावर केस धरत नाहीत, घसरतात. मग टोपाच्या कडेला आतून इलॅस्टिक, कानामागून घट्ट, आणि हेल्मेटला रेशीम. बस! आता भिंगरी हेल्मेट काढते आणि टोप जागच्या जागी. फक्त काढायची रीत सांभाळायची, मागून पुढे, हळू, दोन्ही हातांनी. सरळ वर ओढलं तर मात्र सगळं हातात येतं. पण सरळ ओढायला दुसरं कोण येतंय?

मी आनंदात नाचले, ताई, या वयात. भिंगरीही हसली, पण मनापासून नाही. मला म्हणाली, “मावशी, सरकार हेल्मेट घाल म्हणालं तर तू एवढी तणतणतेस. आणि माझ्या डोक्यावर इतकी वर्षं टोप आहे, तो काय मी हौसेने घातला?”

मी म्हटलं, “ते वेगळं. ते तुझ्या भल्यासाठी.”

“सरकारही तेच म्हणतंय,” म्हणाली आणि स्कूटरला किक मारून गेली. शेंडेफळ लाडावलं की असं तोंडावर बोलतं. मला तर उत्तर सुचलं नाही, तुला सुचलं तर कळव.

रविवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये सभा आहे, हेल्मेट सक्ती हवी की नको यावर. मी बोलणार! नवी साडी काढली आहे.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

अगं, मी सभा गाजवली!

हॉल खचाखच भरला होता. गॅरेजवाला म्हणाला, हेल्मेटमध्ये मागचा हॉर्न ऐकू येत नाही. एक काका म्हणाले, मी तरुणपणापासून गाडी चालवतोय, मला कधी काही झालं नाही, मग आताच काय होणार? पोलीस म्हणाले की आम्हाला रोज रस्त्यावरून काय काय उचलावं लागतं ते बघायला या. मग माझा नंबर आला. मी माइक घेतला आणि ठणकावून विचारलं, “आज सरकार डोक्यावर काय घालायचं ते सांगतंय. उद्या डोक्यात काय घालायचं तेही सांगणार का?” टाळ्या! ताई, टाळ्या थांबेनात. सलूनवाला शिट्ट्या वाजवत होता. मी अंबाडा सावरत खाली बसले, म्हटलं, संपला विषय.

आणि माझ्या शेजारून कोण उठावं? तुझी लेक.

माइक हातात घेऊन म्हणते, “मावशीचं भाषण झकास झालं. घरीही ती अशीच बोलते, फक्त माइक नसतो.” लोक हसले. मग म्हणाली, “मी घरोघरी रक्त घ्यायला जाते. एका घरात एक काका आहेत, स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला. आता त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. काकू त्यांना भरवतात, पुसतात, कूस बदलतात. मी सुई टोचते तेव्हा काकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसतात. काकाही म्हणायचे, डोकं माझं आहे. आता ते डोकं काकूंचं झालंय. म्हणून मला वाटतं, सक्ती असू दे.”

एवढंच बोलून बसली. टाळ्या नाहीत, काही नाही. मला राग यावा ना, स्वतःच्या भाचीने भर सभेत पाडलं म्हणून? आला नाही. ऊर भरून आला. तू असायला हवी होतीस. सावळ्या चेहऱ्यावर तुझीच ती भुवई वर चढलेली, आणि आवाज जराही कापत नव्हता.

तरी माझं मत मी बदललेलं नाही, हे लिहून ठेव. पटवून द्या, समजावून सांगा, पण दंड कसला करता?

बाकी सगळं ठीक. भिंगरीला काल जरासं खरचटलं आहे, काळजीचं काही नाही. म्हणून दोन दिवस घरीच आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस, हाताला सुई लागली आहे.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

मला सुईबिई काही लागलेली नाही. माझे हात थरथरत होते. आणि तुला सगळं आधीच कळलंय, हे मला आज समजलं.

खरं काय झालं ते सांगते. सभेच्या दुसऱ्या दिवशी भिंगरी नमुने घेऊन लॅबला निघाली होती. रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीतल्या माणसाने मागे न बघता दार उघडलं. पोरगी दारावर आदळून उडाली आणि डोकं थेट फुटपाथच्या दगडावर. हेल्मेट माथ्यापासून कानापर्यंत तडकलंय. डॉक्टरांनी ते हातात फिरवून पाहिलं आणि मला म्हणाले, “हे नसतं तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं.” तिचा गुडघा सोलला, खांदा दुखावला, बाकी धडधाकट आहे. धडधाकट आहे, ताई. पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या जिवाला बरं वाटेल.

आणि मग व्हायचं ते झालं. लोक धावले. एका फळवाल्याने घाबरून हेल्मेट धरलं आणि सरळ वर ओढलं. रेशीम राहिलं बाजूला, इलॅस्टिक तुटलं, टोप हेल्मेटसकट त्याच्या हातात! तो ओरडला, “अहो, डोकं सोललं! पोरीचं डोकं सोललं!” आणि तिथेच मटकन बसला. एक बाई रडायला लागली. आणि रस्त्यावर पडलेली तुझी लेक म्हणते, “काका, घाबरू नका. तो टोप आहे. इकडे द्या, आणि आधी माझ्या नळ्या फुटल्यात का ते बघा.” भर चौकात, उघड्या डोक्याने! फळवाल्याला पाणी तिनेच पाजलं म्हणे.

हे सांगताना ती हसत होती, मीही हसले. पोट धरून हसलो दोघी.

पण आज लॅबवाले काका तिला बघायला आले. म्हातारा माणूस, हेल्मेटला ते टोपच म्हणतात. कौतुकाने सांगत होते, “तुमच्या ताई फार काळजीवाहू हो! अपघात झाल्याबरोबर मी त्यांनाच फोन केला. म्हटलं, मुलगी पडली, पण टोप होता म्हणून वाचली. तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? टोप निघाला तर नाही ना? मी म्हटलं, छे हो, घट्ट बसला होता, आपटेपर्यंत जागचा हलला नाही. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. हेल्मेटबद्दल इतकं जागरूक असलेलं माणूस मी पाहिलं नाही!”

ताई, काकांना काय कळणार? पण मला कळलं. आणि भिंगरीलाही कळलं.

तू कुठल्या टोपाबद्दल विचारलंस? खरं सांग. पोर दगडावर आपटली आणि तुझ्या तोंडून पहिला प्रश्न हा? इतक्या वर्षांनी तो शब्द तुझ्या जिभेवर आला, तो असा? माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. समोर असतीस तर हात धरून गदागदा हलवलं असतं तुला!

भिंगरी काकांसमोर हसली. ते गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ सोडून ठेवला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाली, “मावशी, मला उत्तर सापडलं. एक टोप माझ्यासाठी आहे आणि एक लोकांसाठी. आजपासून माझ्यासाठीचा तेवढा घालणार.”

आणि आणखी एक ऐक. काकांकडे तुझा नंबर आला कुठून? नोकरी लागली तेव्हा अडीअडचणीला कुणाला कळवायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने तो दिला होता. माझा नाही, तुझा. दोन वेळचं जेवायला मी घालते, टोप मी करते, डोकं माझं खाते, आणि नंबर तुझा! मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की काय आधी करावं कळेना.

धाकटी


५ मार्च

ताई,

हे शेवटचं पत्र. भिंतीशी तरी किती बोलायचं? पण या आठवड्यात इतकी धमाल झाली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि बहीण एकच आहे.

भिंगरी सोमवारपासून कामावर जाते. नवं हेल्मेट, पिवळंधमक, लांबून दिसतं. खाली काही नाही. रेशमी अस्तर तेवढं ठेवलंय, म्हणते डोक्याला गार लागतं. मीच पहिल्या दिवशी तिच्या मागे बसून गेले, म्हटलं, कुणी काही बोललं तर बघून घेते एकेकाला!

पहिलं दार उघडलं, एक आजोबा. सुईला इतके घाबरतात की दर वेळी दोघांनी धरावं लागतं. भिंगरीने हेल्मेट काढलं. आजोबा बघतच राहिले. मी पदर खोचून तयार. तर आजोबा स्वतःच्या टकलावरून हात फिरवून म्हणतात, “तुझं माझ्यापेक्षा जास्त चकाकतंय की गं! काय लावतेस?” “खोबरेल,” ही म्हणाली. तोवर रक्त घेऊन झालंसुद्धा, आजोबांना पत्ता नाही!

सगळे तसे नव्हते. एका बाईंनी दारातूनच परत पाठवलं, म्हणाल्या, दुसरं कुणी पाठवा. पुढच्या चौकात सिग्नलला भिंगरी मान वळवून म्हणाली, “आईने केलंय त्यापुढे हे काहीच नाही.” मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि हो, मागे बसणाऱ्यालाही लागतं ना, म्हणून मीही हेल्मेट घेतलं. अंबाडा मानेवर उतरवला. हसू नकोस! सक्ती म्हणून घातलेलं नाही, माझ्या मर्जीने घातलंय. पोलिसाने हात दाखवून थांबवलं, तेव्हाही त्याला हेच सांगितलं. तो म्हणाला, “आजी, मी काही विचारलंच नाही.” आजी म्हणाला मेला.

ताई, तुझी लेक आता काहीही झाकत नाही. म्हणजे तू घातलेली अट मोडली कायमची. आता ती तोंड कधी दाखवणार नाही, की तू येऊन बघणार, ते तुझं तू ठरव. मी कुणाला सक्ती करत नाही. माझी मतं तुला माहीत आहेत.

तुझीच,
धाकटी


११ मार्च

भिंगरे,

तुझ्या मावशीची पत्रं मिळाली. सगळी मिळाली. एकही फाडलं नाही.

त्या दिवशी फोनवर मी काय विचारलं ते मावशीने लिहिलं आहे. ते खरं आहे. त्यानंतर फोन हातात धरून बसले, तुझा नंबर लावायचा धीर झाला नाही. अन्न गोड लागत नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. मावशीला आणू नकोस, ती बोलू देणार नाही. तू एकटी ये, स्कूटर घेऊन ये आणि रोज फिरतेस तशीच ये.

मागे बसणाऱ्यालाही लागतो म्हणे, म्हणून माझा टोप मी घेऊन येते. दुकानदार हेल्मेट, हेल्मेट म्हणत होता. मी टोपच म्हटलं. दुकानात ओळखीच्या बायका होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला कशाला हो टोप? म्हटलं, माझी लेक घालते.

आई